ढाक

बोल्टनमध्ये कुणाच्याच तोंडी 'ढ' येत नाही.
पहिल्या संध्याकाळी डाव दाखवला:
तिचा हात काखेत दाब, कंबर आत शिरव, वळ.
म्हणा, ढाक.
पोरं म्हणाली, डाक.
पोटातून वारा काढून दाखवला,
पोरं पोट धरून हसली, आणि परत डाक.
शाळेत मी स्वतःच ढ होतो,
हा विनोद इंग्रजीत होत नाही.
सोडून दिलं.

तशी डाक माझ्या नशिबात होतीच.
रात्री दहा ते सकाळी सहा, सॉर्टिंग ऑफिस.
अकरा वर्षं लोकांची पत्रं खणांत टाकली,
बीएल वन, बीएल टू, बीएल थ्री,
आणि सहाला सुटून थेट तालमीत,
म्हणजे बंद सूतगिरणीचा तिसरा मजला.
खाली गालिच्यांचं गोदाम, वर कबुतरं.
पहिल्या दिवशी सवयीनं वाकलो,
माती कपाळाला लावायला.
बोटांना रबर लागलं, फिनेलचा वास.
तरी लावलं.

विल्फ एन्टविसल तेव्हा सत्तरीचा.
त्याचाही डावा कान मोडलेला.
माझ्या कानाकडे एकदा बघितलं,
बाकी काही न विचारता किल्ली हातात दिली.
धोंडिराम त्याच्या जिभेवर राहीना,
म्हणून मी डॉन.
कवठ्यात कळलं असतं तर
उधारी मागायला कुणी आलं नसतं.

उत्तरेचा किताब तीनदा मारला.
पेपरात चौदाव्या पानावर,
कुत्र्यांच्या प्रदर्शनाखाली,
मगदूम तीन वेळा तीन तऱ्हेनं.
ना हलगी, ना फेटा,
एकदा बक्षिसात किटली मिळाली, अजून चालते.
निवडीचा साहेब म्हणाला, पासपोर्ट आण,
देशाची जर्सी तुझी.

अर्ज केला. वाट बघितली.
शेफील्डला उपांत्य कुस्तीत गुडघ्यातून
सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला,
त्यानंतर सात महिन्यांनी पाकीट आलं.
ते माझ्याच हातातून गेलं असणार,
कुठल्याशा रात्रपाळीत, बीएल थ्रीच्या खणात.
मी त्याला ओळखलं नाही,
त्यानंही हाक मारली नाही.

मग विल्फच्या खुर्चीवर बसलो.
बसणं हा मला कधीच न जमलेला डाव.
पोरगी आत लढते आणि
खुर्चीत माझा खांदा झुकतो,
मांडी आखडते, नसलेला गुडघा वळतो.
बायको म्हणते, झोपेतही लाथा मारता.

ब्रॉनी हॅलिवेल. सोळा वर्षांची, सत्तावन्न किलो,
बापाचं चिप्सचं दुकान, म्हणून वजनाशी रोजचं वैर.
जोर मारताना शिव्या देते,
मी त्या मोजणीत धरतो.
परवा शेफील्डला, तोच हॉल, तेच पिवळे दिवे,
एका गुणानं मागे, बारा सेकंद,
आणि समोरचीचा हात असा मोकळा आला,
पडलेल्या पाकिटासारखा.
मी उठून ओरडलो.
तोंडातून आलं: डाक!

सबंध आयुष्यात पहिल्यांदा मी चुकीचं बोललो
आणि ती बरोबर वळली.
पोरगी हवेत गेली. काय गेली!
पडली ती रेषेबाहेर.
पंचानं हात हलवला. गुण नाही.
वेळ संपली.

परतीला व्हॅनमध्ये, डोंगरातल्या रस्त्यावर,
खांद्यावर बर्फाची पिशवी धरून ती गप्प.
मीही गप्प. काय सांगणार,
मला तरी कुणी काय सांगितलं होतं.
ग्लॉसप मागे पडल्यावर म्हणाली,
डॉन, तो शब्द. तू म्हणतोस तसा म्हण.
म्हटला.
काचेशी तोंड नेऊन ती पुटपुटत राहिली,
डाक. डाक. डाक. ढ
आणि थांबली.
काचेवर नाण्याएवढी वाफ उमटली होती.
मी गाडी जरा हळू केली.