मणी

बांबोळीच्या तळमजल्यावर एस्पेरांसा मिस
नाकाच्या मुळापासून मानेच्या खळगीपर्यंत
माझं डोकं मापते, शिंप्याच्या टेपने.
लाल पेन्सिलीची फुली. गार, चिकट लेप.
वायरींची एक वेणी पाठीवर.
'कधी घेतलीय?' 'नाही.' 'चाखली?' 'नाही.'
फॉर्मवर वडील: पुणाजी, मु. म्हाऊस, सत्तरी.
धंदा: काजूची भट्टी.
सध्या वरच्या वॉर्डात, खाट सात.

कानात टुक. टुक. टुक. टुक.
मध्येच कधीतरी टिंग.
टिंग आला की बटण. डोळे मिचकवायचे नाहीत.

डॉक्टर मग पडद्यावर दाखवतात:
वेगळा आवाज आला की मेंदू दचकतो,
सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात लाट उठते, अशी, डोंगराएवढी.
आणि तुझी ही.
आमच्या शेताच्या मेरेएवढी.
'पिणाऱ्यांच्या मुलांत दिसते कधी कधी,
थेंब न चाखताही.
म्हणून तू पिशीलच असं नाही.'
'मग अर्थ काय?'
ते चष्मा पुसतात. 'अजून शंभर मुलं तपासायचीत.'

मी सगळे टिंग पकडले होते, डॉक्टर.
एकही सुटला नाही.
सहा वर्षांचा होतो तेव्हापासून हेच करतोय:
रात्री वळणावर दहा स्कूटर, त्यांतली एक
गिअर बदलताना खोकणारी.
ती आली की आई दिवा बारीक करायची,
मी बहिणीला ताटासकट उचलून मागच्या दारी.
अशा कानाला तुमच्या टिंगचं
नवल ते किती वाटावं?
फॉर्मवर हे लिहायला जागा नव्हती.

लेप केसांत तसाच घेऊन वर गेलो.
बाबांनी कागद मागितला.
'पास जालो मरे?'
हंगामात ते बाटली हलवून उजेडात धरायचे,
मणी किती वेळ टिकतात
त्यावरून ग्राव सांगायचे, काचेची नळी बुडवायच्या आधी,
आणि चुकत नसत.
तसाच कागद खिडकीकडे धरला.
हात थरथरत होता, म्हणून लाटा हलत होत्या.
'मणी बसले रे लगेच.'
मग बऱ्याच वेळाने,
'उर्राक ही. अजून फेणी नाही झाली.'

मी कागद काढून घेतला.
वाळपईची बस सव्वापाचला होती.
ह्या वर्षी भट्टी कोण लावतंय, त्यांनी विचारलं.
डोक्यावर वाळलेला लेप खाजत होता.