अंगठा बोटांच्या बाजूला

ये शोघेर, दार ओढून घे, वारा आत येतो.
हा मुळात कंटेनर, गॅरेज मागाहून झालं.
भूकंपानंतर अकरा हिवाळे आम्ही पाच जण इथे झोपलो;
तुझी झिगुली उभी आहे तिथे आईची खाट होती.
असो. बॉनेट उघड.
नाही, हात नको लावू. नुसती बघ.

म्हाताऱ्या गाडीला आधी कान लावायचा,
सकाळी, थंड असताना, ग्युमरीची कुत्री उठायच्या आत.
टकटक वरून आली तर व्हॉल्व्ह,
तो बोलका आजार, तो मारत नाही.
खालून आली, जड, कुणी दार ठोठावल्यासारखी,
तर चावी काढ आणि चालत शाळेत जा.

तेलाच्या झाकणाखाली पांढरी साय दिसली
की लोक घाबरवतील तुला: गॅस्केट गेलं, इंजिन उतरवा!
थांब.
घर ते शाळा, शाळा ते घर,
एवढ्याशा फेरीत इंजिन तापत नाही, घाम आतच जिरतो.
रविवारी तिला आर्तिकपर्यंत ने आणि परत आण,
मग पट्टी ओढून बघ.
तेलाचा रंग तेलाचाच असेल तर साय पुसून टाक.
कॉफीत दूध सांडल्यासारखं दिसलं, तर ये माझ्याकडे.
एरवी रोग रेड्याला आणि डाग पखालीला,
आणि बिल तुला.

गंजाबद्दल मला गोड बोलता येत नाही.
दाराखालच्या पट्टीवर नाणं वाजव:
खण् झालं, ठीक.
भद्द झालं, तर तिथे पत्रा नाही, रंगच उभा आहे.
रस्त्यावरचं मीठ मार्चपर्यंत तिच्या पोटाला चिकटून असतं.
धू. गुडघ्यांवर बसून धू.

बॅटरी रात्री घरात न्यायची. हो, जड आहे.
वाहान रशियात आहे, माहीत आहे मला,
म्हणून तर तुला सांगतोय; त्याला कधी सांगितलं नव्हतं.

आणि सगळं एकदम नवं करू नकोस.
नवा पाइप घातलास की ताण शेजारच्या जुन्याच्या जिवावर जातो.
एक बदल, महिनाभर ऐक, मग दुसरा.
चाळीस वर्षं धरून बसलेल्या बोल्टाला डिवचू नये,
डिवचायचाच असेल तर आदल्या रात्री तेल पाजावं.

ती वही? हो, तुझ्या सासऱ्यांची.
ह्रांत सगळं लिहून ठेवायचा, पंपावरचे सुटे पैसेसुद्धा.
वाच ना.
ऑक्टोबर अठ्ठ्याऐंशी, तेल आणि फिल्टर.
नोव्हेंबर, मागचे ब्रेक.
डिसेंबरची पानं कोरी.
आणि मग जानेवारीत एकच शब्द: क्लच.

पुढची सीट त्याने उपटून टाकली होती,
एक माणूस आडवा मावेल एवढी जागा.
रात्रंदिवस दवाखान्याच्या खेपा, दर खेपेला एक.
जळक्या क्लचचा वास मला अजून येतो,
कारण एका खेपेत मी होतो.
तो यावर कधी बोलला नाही. मीही नाही.
म्हणून ही सीट वेगळ्या रंगाची आहे;
मूळची कुठे गेली, कुणास ठाऊक.

चल, खडूचे हात पुस.
हे हँडल डिकीतच असू दे,
बॅटरीने मान टाकली तर हेच कामाला येतं.
गिअर न्यूट्रल. बघितलंस? पुन्हा बघ.
अंगठा बोटांच्या बाजूला, असा.
दांड्याला मिठी मारायची नाही:
कधी कधी ती उलटा झटका देते
आणि माझा हा अंगठा बघ, वाकडा, तिनेच केलाय.
खालून वर. खांद्यातून.
हं.
चोक जरा बाहेर.
पुन्हा.