दुसऱ्या फळीचा चषक

मैदानावर फक्की मारतो तो मीच.
फुटबॉलच्या रेघा पुसून रग्बीच्या,
सोमवारी परत फुटबॉलच्या.
खालची रेघ कधी पुरती जात नाही.

दुसऱ्या फळीत यंदा आठ संघ.
सांगलीचा आलाच नाही.
बघायला, पायरीवर सावली सरकेल तसे सरकणारे
पाचजण.

रियाज मुजावर उद्यमनगरातनं रातपाळी करून थेट येतो,
कानांवर चिकटपट्टी गुंडाळतो
आणि स्क्रममध्ये डोकं घालतो.
भट्टीच्या वाळूचा वास
पलीकडच्या संघालाही लागतो म्हणे.

चेंडू तर असला, टप्पा पडला की कुणाचाच नाही.

फायनलला दोन गुण मागं. शेवटची किक
शीतल चौगुलेची, गुऱ्हाळावरचा, अबोल.
टाचेनं त्यानं खळगा केला,
त्यात चेंडू उभा केला
लहान पोराला उभं करावं तसा.

पाइपाचा खांब ठण्ण वाजला.
बराच वेळ वाजत राहिला.
वरची फळी राहिली. शीतल रविवारच्या पाळीला गेला.

सोमवारी मी रेघा पुसल्या.
खळगा बुजवायचा होता.
डबा घेऊन वळसा घातला.
फुटबॉलची रेघ तिथं जरा वाकडी गेलीय.
अजून कुणी विचारलं नाही.