पाच गोष्टींचा एक तरस

एकच तरस काढ, त्सेगेनेत, म्हणाले साहेब,
पाचही गोष्टींत खपून जाईल असा.
पैसे तेवढेच होते. रंगाच्या ट्यूबाही.

मी कानाला हेडफोन लावला.

हररच्या झेयतुनाबाईंचा तरस म्हणजे पाहुणा.
गावकुसाच्या भिंतीत त्याच्यापुरतं भोक ठेवलेलं,
रात्री येतो, गल्लीतली हाडं नेतो,
आणि कुणाला लागलेली दृष्टही
जाता जाता चाटून नेतो.
बाई त्याला अहोजाहो करतात.

कोन्सोच्या कुसियाकडे तोच ठार बावळट.
स्वतःच्या सावलीशी शिकारीची वाटणी करतो,
सावली बोलेना म्हणून तिच्यावरच रुसतो.
सांगताना कुसियाला इतकं हसू आलं
की पुढची दोन वाक्यं त्यातच सांडली.
ती आता कुणालाच ठाऊक नाहीत.

अफारच्या हुमेदच्या गोष्टीत तर तो दिसतच नाही.
उंटांवर मिठाच्या लाद्या, पायाखाली पांढरी भेग पडलेली जमीन,
आणि शेवटचा उंट एकसारखा मान वळवतो.
एवढंच.
सांगा, याचं काय चित्र काढू?

सिदामाच्या दांगिसोकडे ती आई आहे,
पिल्लं मोजते, दरवेळी एक जास्त भरतं.

शेजारच्या टेबलावर वोंदेसेन आवाज धूत असायचा.
खोकला काढ. कोंबडा काढ.
तव्यावर तडतडणारी कॉफी काढ,
मागून जाणाऱ्या ट्रकचा भोंगा काढ.
म्हटलं, काढलेलं टाकू नकोस, मला दे.
त्यानं एका फाइलीत भरून दिलं, वर नाव घातलं: कचरा.
आठवडाभर मी तेच ऐकलं.
तरसाची पाठ मला त्या खोकल्यात सापडली,
उतरती, खरबरीत, मध्येच अडकणारी.
रंग भाजत आलेल्या कॉफीच्या दाण्याचा,
काळा व्हायच्या जरा आधीचा.

पाचवी गोष्ट गांबेलाची.
आरिएत म्हणाली, दिवसा नाही सांगणार.
दिवसा सांगितली की गुरं वाट चुकतात.
वोंदेसेन बारो नदीच्या काठी डास मारत बसून राहिला.
अंधार पडला तेव्हा मशीनची बॅटरी मरायला टेकलेली.
चार मिनिटं मिळाली,
त्यातलं अर्धं बेडकांनी घेतलं.
ते मात्र त्यानं धुतलं नाही.
का, ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

मग छापून आलं सगळं. जाड पानं,
प्रत्येक पानावर एक बटण.
अदिसमधल्या एका शाळेत, दुसरीच्या वर्गात,
सकाळी साडेदहाला बाईंनी पाचवं बटण दाबलं.
आधी आरिएतच्या भाषेत, मग आमच्या:
दिवसा नाही सांगणार.

किरुबेल नावाचा मुलगा उठला, पुढचे दोन दात पडलेला.
थांबवा, म्हणाला. बाहेर ऊन आहे.
बाई म्हणाल्या, अरे, ही मशीन आहे,
हिला कसली आलीत गुरं?
तो म्हणाला, हिला नाहीत.
पण कुणाची तरी बाहेर असतील.

बाई माझ्याकडे बघतात, मी बाईंकडे.
तोवर पोरांनी बाकं ओढली, झडपा लावल्या,
दाराच्या फटीत कुणीतरी स्वेटर कोंबला,
एकीनं छपरातल्या भोकाखाली
वही धरली, हात दुखेपर्यंत.

बेडूक सुरू झाले.

पुस्तक माझ्या मांडीवर उघडंच होतं.
तीन महिने घोटलेली ती पाठ, तो रंग,
काही म्हणजे काही दिसेना.
शेजारची मुलगी तेवढी
हलकेच सरकून बसली,
तिच्या आणि माझ्या मध्ये
कुणालातरी जागा करून देत.