रकाना

नान्नजच्या माळावर पाय टाकला
की आधी खडे बोलतात.
पांढरे, चुनखडीचे, बोराएवढे,
बुटाखाली करकरतात.
"दमानं," सिद्राम म्हणतो, "खाली बघून.
विष्णुक्रांत हाय."

आहे खरी. नखाएवढी, निळी.
दुपारी मिटेल,
मग पैज लावून शोधा.

सिद्राम वाघमोडे, वनमजूर, एकवीस वर्षं इथंच.
त्याचा बाप हेच खडे वेचून
चुन्याच्या भट्टीला घालायचा, घमेल्याला चार आणे.
सोलापुरातल्या कितीएक भिंती
या माळाच्या हाडांनी पांढऱ्या झाल्या, असं तो सांगतो
आणि हसत नाही.

वाटेत शिंदळमाकुडी, फुलावर आलेली,
पट्ट्यापट्ट्यांचं जांभळं अंग.
"ल्हानपणी मीठ लावून खायचो."
हात पुढे जातो, खाकी बाहीशी थबकतो,
मागे येतो.

लपणात बसलो. गोणपाटाला वीतभर खिडकी.
कुसळं विजारीतून पोटरीत शिरलेली,
एक उपटावं तर दुसरं आत सरकतं.
बाहेर तरवड, त्याच्या मुळाशी खोकडाचं बीळ,
दारात उंदराचं शेपूट तेवढं उरलेलं.
धाविक पळतात, थांबतात, पळतात,
घरी काहीतरी विसरल्यासारखे.
चंडोल वर गेला. किती वर, ते मान दुखेपर्यंत.

काळविटांचा कळप आला, सत्तेचाळीस.
सिद्रामनं ओठ न हलवता मोजला.
मग बऱ्याच वेळानं लांडगी,
पोट खपाटीला, नाक मेंढरांच्या वाऱ्याकडे.
"हिला नाव नाय ठिवलं," तो कुजबुजला,
"नाव ठिवलं की
कोकरू नेल्यावर शिव्या देता येत न्हाईत."

सांज. वहीत रकाने:
काळवीट, लांडगा, खोकड, भोवत्या,
तळाशी माळढोक.
वरचे भरले.
तळाशी पेन टेकतं, उचलतं, पुन्हा टेकतं.
शून्य तो काढत नाही.
आडवी रेघ ओढतो, काडीएवढी.

"सायेब इच्चारत्यात, रेघ म्हंजी काय?"
"मग?"
"म्हनलं, बसलोय की अजून."

परतताना त्यानं काठीनं
सकाळची जागा दाखवली.
खड्यांत एक हिरवा दोरा. बाकी काही नाही.
मी वाकलो, तेवढ्यात तो म्हणाला,
"बूट."
मी पाय उचलला.