पेरू, कमी आचेवर

घाटीत महिनाभरात सगळे दात काढले तिचे.
कवळी मिळाली, ती डब्यात.
लग्नाबिग्नाला घालते, फोटोपुरती.
तक्रार नाही केली कौतिकानं,
पण दौलताबादच्या पेरूंची हातगाडी गल्लीत शिरली
की ती उठून आतल्या खोलीत जाते.

हीच बाई, एस.टी. थांबली की खिडकीतून हात काढून
दगडासारखा टणक, हिरवा पेरू निवडायची,
"तिखट-मीठ लाव रे, कंजूषपणा नको,"
आणि चावली की
पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळून बघायचा.

मी एकतीस वर्षं विजेच्या खांबांवर चढलो.
ओट्यापाशी मात्र पाणी प्यायला तेवढा गेलो.

पहिल्यांदा गॅस मोठा ठेवला.
पेरू फुटले, सालं एकीकडे, गर एकीकडे,
पातेल्यात नुसता रेंदा, त्यात बिया.
कौतिका दारात उभी राहून म्हणाली,
"कामून त्या पेरूंना मारायलात?"

दुसऱ्यांदा साखर करपली.
पाणी दोन लोटे वाया गेलं,
आणि जालन्यात नळ आठव्या दिवशी,
तेव्हा तिच्यापेक्षा मीच जास्त गप्प.

मग सगीरा भाभी. भिंतीपलीकडून वास ओळखला त्यांनी.
ईदला खुबानीचा मिठा करतात, वाटीभर आमच्याकडे येतोच.
भिंतीवरून म्हणाल्या,
"लाइनमन साब, फल को उबालना नक्को.
गरम में बैठने देना. बस."

बैठने देना.
हे मला कळलं. व्होल्टेज कमी असलं
की दिवा कसा पिवळा, दमानं जळतो,
तेवढीच आच.
पाक उकळायचा नाही, थरथरायचा फक्त,
वारा नसतानाही तार थरथरते तसा,
एखादा बुडबुडा वर यावा, त्यानेही विचार करून यावं.

पेरू अर्धवट पिकलेले घेतले.
उभे कापून चमच्यानं बिया खरवडल्या
(तिला बी टोचते, कवळीखाली अडकते,
हे मला तीन महिन्यांनी कळलं,
ती सांगत नाही, मी विचारत नाही,
आमचं असंच चालत आलं).
फळ बुडेल इतकंच पाणी.
साखर, दोन लवंगा,
मोसंबीची साल, पांढरा भाग काढून,
तो कडू असतो, हे भाभींनी भिंतीवरून दुसऱ्यांदा सांगितलं.
वर एक ताटली उपडी, फळ तरंगू नये म्हणून.

मध्येच लाइट गेली.
निळ्या ज्योतीच्या उजेडात बसलो पातेल्यापाशी.
एवढा वेळ एका जागी, काहीही न जोडता, न तोडता,
नोकरीत कधी बसलो नव्हतो.
बाहेर कुणीतरी ऑफिसला फोन लावत होतं,
मला हसू आलं. आता ते माझं काम नाही.

काडी टोचून बघितली. गेली,
पण थोडं थांबून गेली.
म्हणजे झालं. गॅस बंद, झाकण तसंच.
रात्रभर फळ पाकात राहू दिलं.

सकाळी रंग बदललेला,
पांढरा म्हणू नये, गुलाबीही नाही,
जुन्या सुती धोतराला असतो तसा काहीतरी.
वाटीत दोन फोडी, वर चमचाभर पाक.
मी पेपर वाचतोय असं दाखवत राहिलो.

तिनं फोड जिभेवर घेतली.
टाळूशी दाबली.
आवाज नाही. मागे वळून बघायला कुणी नाही.
तोंड बराच वेळ हलत होतं,
डोळे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

"लई गोड," ती म्हणाली.

मग उठली. मिसळणाचा डबा उघडला,
चिमूटभर मीठ, चिमूटभर तिखट,
दुसऱ्या फोडीवर चोळलं बोटानं,
एकाच बाजूला, पूर्वीसारखं.
खाल्लं.
बोट चाटलं.

"पाक फेकू नका," डबा लावता लावता म्हणाली,
"आणि पुढच्या वेळी जरा कच्चेच आणा."