दोनशे साठ

सोमवारी मी इदवालचा श्वास मोजते,
दवाखान्यात, पुठ्ठ्याच्या नळीतून.
फुंक, इदवाल, फुंक, अजून, अजून, अजून...
पडद्यावरची रेघ थोडी चढते
आणि म्हाताऱ्या शेळीसारखी मधेच बसते.
एकतीस वर्षं पाटीचा दगड फोडला त्यानं
ब्लायनायच्या डोंगराच्या पोटात, दिव्याच्या उजेडात.
दगड गेला कुठकुठल्या छपरांवर.
भुकटी त्याच्याकडे राहिली.

शनिवारी तो माझ्याकडून काम करून घेतो.

मोटरसायकल बीएसए, माझ्या आईच्या वयाची,
साडेतीनशेची होती, आता पाचशेची.
जुना सिलिंडर ओरखडला होता, म्हणून,
असं तो सांगतो.
लांडुडनोच्या एका विधवेकडून मोठा आणला,
पिस्टन टॉवेलात गुंडाळून, तान्ह्या पोरासारखा,
बसच्या पुढच्या सीटवर मांडीत घेऊन.
कार्ब्युरेटर मात्र तोच.
"छाती वाढली, नाक तेवढंच," म्हणतो
आणि खोकतो,
आणि खोकला संपेपर्यंत मी पाना धरून उभी राहते.
आज नर्स नाही मी. हातकामाला आहे.

मला हिशोब सोपा वाटला होता.
इंजिन जवळजवळ दीडपट, म्हणजे पेट्रोल दीडपट,
म्हणजे जेटचं भोकही.
"दीडशहाणी," तो म्हणाला.
मोठं इंजिन त्याच गळ्यातून हवा जोरानं ओढतं,
जोराची हवा पेट्रोल आपणहून वर खेचते.
तहानलेल्याला आग्रह लागत नाही,
पेला तेवढा जरासा मोठा द्यायचा.

तंबाखूच्या डबीत पितळेचे जेट, नखाएवढे.
नंबर भिंगाखाली धरले तरच दिसतात.

आधी जुनाच, दोनशे साठ.
क्रिमियाच्या घाटाचा चढ, तिसरा गिअर, मूठ पूर्ण पिळलेली,
कुंपणाच्या तुटक्या खांबाशी क्लच ओढायचा,
इंजिन तिथल्या तिथे मारायचं,
आणि घरंगळत, मुकाट, मेंढ्यांच्या नजरेखालून थांबायचं.
प्लग काढला. हाडासारखा पांढरा.
"उपाशी आहे. अशीच पळवलीस तर पिस्टनला भोक पाडेल."
मग तीनशे. वर जाताना ती घसा भरल्यासारखी गुरगुरली,
प्लगवर काजळी, बोटाला लागणारी.
"आता अजीर्ण."

किक मी मारते.
त्यानं एकदाच मारून पाहिली, मार्चमध्ये.
नंतर वीस मिनिटं पायरीवर बसून होता
आणि डिकॉम्प्रेसरची केबल तपासतोय म्हणाला.
केबल गॅरेजमध्ये होती.
पायरी घराची.

दोनशे ऐंशी लावून परत निघाले
तेव्हा माझ्या ध्यानात आलं, पाय कुठे अवघडत नाहीत.
पायठाण दोन दाते मागे सरकवलेलं.
इदवाल माझ्या खांद्याला लागतो.
आणि साडेतीनशेला त्याची किक पुरत होती,
गेल्या वर्षीपर्यंत तरी.
मग पाचशे कुणासाठी?
हे मी चढावर विचारलं, हेल्मेटच्या आत,
इंजिनाला. ते कामात होतं.

अर्ध्या मुठीला किंचित अडखळत होती.
सुई एक खाच वर उचलली,
आणि ते अडखळणंही गेलं.
तो वर वळणावर उभा होता, काठीला टेकून,
माझ्याकडे नव्हे, आवाजाकडे पाहत.

प्लग रुमालात धरून त्यानं बराच वेळ भिंग हलवलं.
खरपूस पावाच्या कडेचा रंग.
काही बोलला नाही.
प्लग मला परत दिला, अजून गरम,
आणि कोट घालून दे म्हणाला.

दोनशे साठ त्यानं डबीत टाकला नाही.
एक डोळा मिटून बल्बसमोर धरला,
भोकातून आला तेवढा उजेड पाहिला,
मग शर्टाच्या खिशात ठेवला,
श्वासाच्या पंपाशेजारी.

सोमवारी, तोंडात धरण्याआधी,
पुठ्ठ्याची नळी त्यानं उलटसुलट करून पाहिली.
"मारेद,
हिचा नंबर किती?"